शिलाईताईंच्या घरी साहेब

शिलाईताईंना गल्लीत त्यांच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. पँटची उंची कमी करायची, बॅगेची चेन बदलायची, शाळेच्या गणवेशाची कंबर सैल करायची, की लोक म्हणत, "शिलाईताईंकडे टाक." नवे कपडे त्या शिवत नसत. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं आणि अंगाला नीट बसेल असं पुन्हा शिवायचं, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. मशीन पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून. गिऱ्हाईक खिडकीतूनच पिशवी आत देई आणि खिडकीतूनच परत घेई. दार उघडायचं कामच पडू नये, म्हणून ही सगळी व्यवस्था.

कारण घरात नाना होते. नाना म्हणजे ताईंचे वडील. उभा जन्म त्यांनी घरोघर विजेचे मीटर वाचत काढला. आता डोकं साथ देत नव्हतं, पाय मात्र ठणठणीत. सकाळ झाली की खिशाला पेन अडकवून ते दाराशी उभे राहत.

"आक्का, दार उघड. आज लाइन मोठी आहे."

आक्का ही नानांची थोरली बहीण. ती जाऊन कैक वर्षं झाली होती. सुरुवातीला ताई सांगत, "नाना, मी आक्का नाही, मी तुमची मुलगी." मग त्यांनी तो नाद सोडला आणि त्या आक्काच होऊन गेल्या.

"आज सुट्टी आहे, नाना."

"कुणी दिली?"

"साहेबांनी."

साहेबांचं नाव काढलं की नाना निमूट खुर्चीत जाऊन बसत. पुन्हा थोड्या वेळानं पेन, दार, आक्का. एकदा ते निसटलेच होते आणि दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी जिन्याखाली वाकून आकडे वाचताना सापडले होते. तेव्हापासून ताईंनी दाराला अगदी वर, चौकटीच्या टोकाला एक कडी बसवून घेतली. मान वर करून बघायचं नाना विसरले होते. ताईंना टाचा उंचावून ती लावावी लागे.

अशात एका बुधवारी धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे ताईंचा भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत राहायचा. बायको, दोन मुलं, चांगली नोकरी. बहिणीवर त्याची माया होती, नाही असं नाही. पण ती माया फोनवरची. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला जुनी सवय.

"ताई, एक छोटंसं काम होतं."

ताईंनी मशीनवरचा पाय काढला. धाकट्याचं छोटं काम कधीच छोटं नसे.

प्रकार असा झाला होता. मुलांच्या हट्टापायी धाकट्यानं अनाथ प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक हस्की दत्तक घेतला होता. सही-शिक्के सगळं झालेलं. रविवारी कुत्रा घरी यायचा, आणि आता सोसायटीनं इमारतीत कुत्रा चालणार नाही म्हणून खोडा घातला होता.

"मग नाही म्हणून कळव," ताई म्हणाल्या.

"अगं, त्याला आधीच दोन घरांनी परत केलंय. पोरं रडतायत. तुझ्याकडे तळमजला आहे, मागे अंगण आहे. नानांनाही सोबत. आणि तू काय, घरीच असतेस ना."

घरीच असतेस ना. आई आजारी पडली तेव्हा याच तीन शब्दांवर ताईंची कारखान्यातली नोकरी सुटली होती. लग्नाची एक चांगली बोलणी लांबत लांबत विरून गेली, तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं होतं. नानांचं तर विचारायलाच नको. ताईंच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. खिडकीत एक बाई गणवेशाची पिशवी धरून ताटकळत होती. ताई म्हणाल्या, "बघते." धाकट्यानं त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि त्याचं चुकलंही नव्हतं. ताईंच्या 'बघते'चा आजवर तोच अर्थ झाला होता.

ताईंनी उभ्या आयुष्यात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. नशिबानं त्यांच्या गिऱ्हाइकांत प्राण्यांच्या दवाखान्यातली कंपाउंडरबाई होती. आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची, सतत घाईत. अॅप्रनचे खिसे फाटले की ती ताईंकडे येई. त्या दिवशी ताईंनी तिला प्रथमच दारातून आत घेतलं.

"हस्की?" बाईनं कपाळावर हात मारला. "ताई, हे बर्फातलं जनावर. गाडी ओढायला जन्माला आलेलं. याला बसवून ठेवलं तर हे घर ओढून नेईल."

मग तिनं सगळं घर फिरून पाहिलं. औषधं कुठे ठेवता? वरच्या कपाटात, कुलूप लावून, ताईंनी सांगितलं, नाना गोळ्या गोड समजून खातात. गॅसचं बटण? त्याला झाकण आहे. विजेचे बोर्ड? खालचे सगळे पट्टीनं बंद केलेत. फिनेलची बाटली, कात्री, काडेपेटी? सगळं उंचावर. कंपाउंडरबाई थांबली.

"हे सगळं कुत्र्यासाठी केलंत?"

"नाही," ताई म्हणाल्या. "हे आधीचंच आहे."

बाईनं खुर्चीत पेंगणाऱ्या नानांकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला. "मग निम्मं काम झालंच की."

राहिलेलं निम्मंही कमी नव्हतं. अंगणाची भिंत छातीएवढी होती. हस्की ती उडी मारून सहज ओलांडेल, आणि ओलांडता नाही आली तर खालून उकरेल, असं बाईचं म्हणणं. ताईंनी जाळीवाल्याला बोलावून भिंतीवर पुरुषभर उंच जाळी चढवली, वरचं टोक आतल्या बाजूला वाकवून घेतलं. भिंतीच्या पायथ्याशी जुन्या फरश्या पुरल्या. अंगणात सकाळचं जेवढं आकाश दिसायचं तेवढंच आताही दिसत होतं, पण चौकटी-चौकटींतून.

खरी कसरत होती ती मशीनच्या खोलीत. "टाचणी, सुई, दोरा," बाईनं बोटांवर मोजत सांगितलं, "यातलं काहीही पोटात गेलं की थेट ऑपरेशन. दोरा तर सुईपेक्षा वाईट, आतडी गोळा करतो." शिंप्याच्या घरातून टाचण्या काढायच्या म्हणजे समुद्रातून मीठ काढायचं. ताईंनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि खोलीभर ओढत फिरवलं. कपाटाखालून, मशीनच्या पेटीमागून, फरशीच्या भेगांतून इतक्या टाचण्या आल्या की चुंबकाचं साळिंदर झालं. नाना खुर्चीतून कौतुकानं बघत होते. "काय पकडतेस, आक्का? उंदीर?"

"हो नाना. लोखंडी आहेत."

नाना खो खो हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग ताईही हसल्या.

मशीनच्या कोपऱ्याला त्यांनी डोक्याएवढी उंच, बिजागरीवर उघडणारी फळी बसवली, म्हणजे मशीनपाशी कुत्रा येणार नाही. खाण्याची आणि पाण्याची भांडी स्टीलची आणली, लाकडी स्टुलाचे पाय कापून त्यावर बसवली. केस विंचरायला लांब दातांचा ब्रश आणला. उन्हाळ्यात केस भादरायचे नाहीत हे बाईनं तीन वेळा बजावलं, तेच केस त्याला उन्हापासून वाचवतात म्हणे. घरातली सगळ्यात थंड जागा मागच्या खोलीतल्या मोरीजवळची. तिथे ताईंची खाट होती. ताईंनी ती भिंतीकडे सरकवली आणि ती फरशी कुत्र्याला दिली.

गळपट्ट्यातून हस्की मान काढून घेतो, त्याला छातीभोवतीचा पट्टाच हवा, असंही बाई म्हणाली होती. दुकानातला पट्टा ताईंनी हातात घेतला, शिवण ताणून पाहिली, नाक मुरडलं आणि परत ठेवला. निवाऱ्यात फोन करून कुत्र्याची मापं घेतली. छाती, मान, पुढच्या दोन पायांमधलं अंतर. बॅगेची जाड पट्टी आणली, आत मऊ कापडाचं अस्तर लावलं, तिहेरी टीप घातली. दुसऱ्याचं न उसवता, कोऱ्या कापडातून कुणासाठी तरी काही शिवण्याची वेळ फार दिवसांनी आली होती. पट्टा पुरा झाल्यावर ताईंनी तो मशीनवर ठेवला आणि थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

रविवारी धाकटा कुत्रा घेऊन आला. करडा-पांढरा, लांडग्यासारखा, डोळे निळे आणि थंड. त्यानं घरात पाय टाकला, सगळ्या कोपऱ्यांची तपासणी केली आणि नानांसमोर येऊन, त्यांच्याकडे रोखून बघत बसला. नाना ताडकन उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"साहेब आले," ते कुजबुजले. "आक्का, खुर्ची दे."

निवाऱ्यातलं नाव तिथेच पुसलं गेलं. कुत्र्याचं नाव साहेब पडलं. धाकटा चहा घेऊन गेला. जाताना म्हणाला, "किती छान जमलं बघ!"

छान जमलं म्हणायचं तर साहेबांना सगळं पसंत होतं, फक्त आत राहणं पसंत नव्हतं. पहाटे ते मागच्या खोलीत तोंड वर करून जो गळा काढत, तो शेजारच्या तीन घरांना उठवी. ब्रश फिरवावा तेवढा थोडा. केस निघत ते मुठींनी. फळी ओलांडून, हवेतून तरंगत ते कपड्यांवर जात. एका गृहस्थाची काळी पँट ताईंनी सुरेख बारीक करून दिली, तर तो खिडकीतून म्हणाला, "ताई, मला ही लोकरीची नको होती." दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

शिवाय चालवणं. दिवसातून दोनदा साहेबांना दमेपर्यंत पळवायला हवं होतं, आणि नानांना एकटं सोडायची सोय नव्हती. म्हणून ताई दोघांना घेऊन निघत. एका हातात साहेबांची दोरी, दुसऱ्या हातात नानांचं मनगट. एक पुढे ओढायचा, दुसरा प्रत्येक जिन्याशी वळायचा. मध्ये ताई, वाळत घातलेल्या चादरीसारख्या दोन्हीकडून ताणलेल्या. गल्लीच्या टोकाला बर्फाचं गोदाम होतं. तिथला बर्फवाला लादी फोडताना उडालेले तुकडे साहेबांना टाकी. साहेब ते कडाकडा चावत आणि गोदामाच्या ओल्या फरशीवर अंग पसरून देत. तेवढ्यात ताई भिंतीला टेकून उभ्या राहत. दिवसातली त्यांची विश्रांती ती.

असेच काही आठवडे गेले. मग ती सकाळ आली.

गणवेशांचा हंगाम होता. एका बाईचं गाठोडं खिडकीतून आत येईना, म्हणून ताईंनी दार उघडून ते दोन्ही हातांनी आत घेतलं, पायानं दार लोटलं आणि गाठोडं ठेवायला गेल्या. वरची कडी राहिली. नानांची बोटं आखडतात म्हणून धाकट्यानं पूर्वी दाराची गोल मूठ काढून, दाबलं की उघडणारं दांडीचं हँडल बसवलं होतं. नानांना आता तेही उमगत नसे. साहेबांना मात्र ते केव्हाच उमगलं होतं, फक्त कडी आड येत होती.

ताई डोक्यावरून अंघोळ करून बाहेर आल्या तेव्हा घर गप्प होतं. फरशीवर नखं वाजत नव्हती. कुणी आक्का म्हणत नव्हतं. पुढचं दार सताड उघडं, दारातून उन्हाचा पट्टा आत आलेला.

ताईंना सगळं एका क्षणात कळलं. आणि तरी त्या धावल्या नाहीत.

अंघोळीला जाण्याआधी त्यांनी चहा करून झाकून ठेवला होता. रोज तो गार होई आणि त्या तसाच पीत. त्या दिवशी तो गरम होता. ताई नानांच्या खुर्चीत बसल्या. उन्हात पाय पसरले. कप दोन्ही हातांत धरून एकेक घोट घेतला. केसांतून पाणी पाठीवर उतरत होतं, ते गार लागत होतं आणि बरंही वाटत होतं. घर केवढं मोठं आहे, असं त्यांच्या मनात आलं. दुसरं काही आलंच नाही. रस्ता, गाड्या, नाना, काही म्हणजे काही नाही.

कप रिकामा झाला. तो खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजानं त्या भानावर आल्या. आपण काय करत होतो हे उमजलं तेव्हा त्या अशा उठल्या की खुर्ची उलथली. ओल्या केसांनी, अनवाणी, त्या रस्त्यावर धावत सुटल्या.

"नानांना पाहिलंत का? कुत्रा पाहिलात का?" भेटेल त्याला त्या विचारत होत्या. औषधाच्या दुकानात नाही, शाळेच्या फाटकाशी नाही. मोठ्या रस्त्यावर एक गाडी करकचून थांबली तेव्हा ताईंनी डोळे मिटून घेतले. ती भाजीच्या टेम्पोसाठी थांबली होती.

शेवटी बर्फवाल्यानंच लांबून हात हलवला. "ताई, सावकाश या! दोघंही इथेच आहेत."

साहेब ओल्या फरशीवर लांबलचक पसरले होते. नाना भिंतीवरच्या मीटरसमोर उभे. खिशातलं पेन काढून तळहातावर आकडे लिहीत होते.

"आल्या आल्या म्हणाले, मीटर दाखवा," बर्फवाला हसत होता. "मी म्हटलं, घ्या. लिहून झालं की पुन्हा पहिल्यापासून. आणि हे महाराज आले तसे आडवे झालेत."

नाना वळले. घामेजलेले, पण चेहरा असा तरतरीत की ताईंनी तसा तो वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. "आक्का, तू कशाला आलीस? मी येतच होतो."

ताई गोदामाच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. बर्फवाल्याला वाटलं, नानांच्या काळजीनं रडतायत. त्यानं पाणी आणून दिलं. कपभर चहाचं त्याला ताई काय सांगणार?

गोष्ट गल्लीत पसरली, तशी धाकट्याच्या कानावरही गेली. तो संध्याकाळी हजर झाला आणि आल्या आल्या दाराकडे बोट दाखवलं.

"ताई, कडी कशी राहिली? काही झालं असतं म्हणजे?"

ताई गुडघे टेकून साहेबांना ब्रश करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"राहिली."

"राहिली म्हणजे? मी बोललोय एकाशी. त्याचं शेत आहे. साहेबाला तो घेऊन जाईल. तुझ्या गळ्यातलं लोढणं जाईल."

"साहेब कुठेही जाणार नाहीत."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी करायचं असेल तर नानांना घेऊन जा. आठ दिवस."

धाकट्यानं नानांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "आमच्याकडे कसं जमेल? आम्ही दोघंही कामावर, पोरं शाळेत."

"कुत्र्याला सोसायटी नाही म्हणते. बापालाही नाही म्हणते का?"

ताई असं बोलतील हे धाकट्याला अपेक्षित नव्हतं. ताईंनाही नव्हतं. ब्रश हातात थांबला होता. साहेबांनी मान वळवून का थांबलीस असं पाहिलं.

"आज मी बसून चहा प्यायले," ताई म्हणाल्या. "दार उघडं दिसत होतं. नाना गेलेत हे कळलं होतं. तरी बसून प्यायले. समजलं? उद्या याहून वाईट काही माझ्या हातून व्हायच्या आत घेऊन जा."

धाकट्याला समजलं की नाही कोण जाणे, पण त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यानं नानांची पिशवी भरायला घेतली. नाना जाताना साहेबांना नमस्कार करून गेले.

पहिल्या दिवशी ताई नुसत्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनवर कापड टाकलं, साहेबांना पट्टा घातला आणि ठरवलं की आज तळ्यापर्यंत जायचं. तळं मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होतं. तिकडे जाऊन त्यांना किती वर्षं झाली होती कोण जाणे. पण बर्फाचं गोदाम मागे पडलं आणि त्या सारख्या मागे वळून बघू लागल्या. उशीर होतोय, असं वाटू लागलं. कशाला उशीर? घरी कुणी नव्हतं, गॅस बंद होता, कडी लावली होती. त्यांनी स्वतःला चार वेळा समजावलं. साहेब जीव खाऊन पुढे ओढत होते, आणि ताईंचे पाय मागे वळत होते. मोठ्या रस्त्याच्या अलीकडूनच त्या परतल्या. घरी येऊन त्यांनी दार लावलं, टाचा उंचावून कडी घातली, आणि मग आत कुणी नाही हे आठवून तिथेच उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी नाना परत आले. तिन्ही रात्री झोपले नव्हते. लिफ्टचं दार उघडलं की आत शिरत, आणि प्रत्येक मजल्यावर उतरून मीटर शोधत. भावजय सोबत आली होती. एरवी टापटिपीची, पण केस कसेतरी बांधलेले, डोळे सुजलेले. तिनं नानांना खुर्चीत बसवलं आणि ताईंचा हात धरला. "ताई, तुम्ही हे रोज कसं करता?"

"चहा घेतेस?" त्या म्हणाल्या.

"आक्का," नाना खुर्चीतून म्हणाले, "त्या लोकांकडे मीटरच नाही. अंधारात राहतात बिचारे."

त्यानंतर मोठं असं काही बदललं नाही. दारावर आता दुसरी कडी आहे, साहेबांसाठी, खालच्या बाजूला. काळ्या पँटवर केस अजून येतात. गिऱ्हाईक कुरकुरतं आणि पुन्हा येतं. धाकटा मात्र एकाआड एक रविवारी येतो. आठ दिवस नाही, पण दुपारभर नानांजवळ बसतो. ताई साहेबांना घेऊन निघतात.

परवाच्या रविवारी त्या मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचल्या होत्या तोच फोन वाजला.

"ताई, कुठे आहेस? नाना आक्का आक्का करतायत. माझं ऐकतच नाहीत."

"साहेबांनी सुट्टी दिलीय म्हणून सांग."

"सांगितलं. म्हणतात, साहेब तर बाहेर गेलेत."

ताईंना हसू आलं. साहेबांनी दोरी ताणून धरली होती, कान उभे, नाक पाण्याच्या वासाकडे. रस्त्यापलीकडे झाडांमधून तळ्याची एक चकाकती रेघ दिसत होती.

"येते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण लगेच वळल्या नाहीत. गाड्या थांबल्या तशा त्या साहेबांबरोबर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. तिथल्या एका झाडाशी साहेबांनी मनसोक्त हुंगून घेतलं. ताई तोवर तळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी दोरी हातावर एक वेढा देऊन आखडती घेतली आणि घराकडे निघाल्या.